जमिनीवर रेखलेला समुद्र

खेळ हा अभ्यासाचा वैरी, अशी आपल्या घराघरांतून जुनी समजूत आहे. नौकानयनाच्या शिक्षणाचा इतिहास या समजुतीस दुजोरा देत नाहीं. ज्या नियमांवर हजारों उतारूंचे प्राण अवलंबून असतात, ते नियम जहाजावरील अधिकाऱ्यांच्या अंगीं मुरविण्यासाठीं अखेर खेळाचाच आश्रय घ्यावा लागला.

समुद्रावर रस्ते नाहींत. पण रस्त्याचे नियम आहेत. समोरासमोर येणाऱ्या दोन आगबोटींनीं आपापल्या उजव्या हातास वळावें, हा दंडक लंडनच्या ट्रिनिटी हाउस या संस्थेनें १८४० सालीं घातला. १८६३ सालीं इंग्लंड व फ्रान्स यांनीं एक नियमावली ठरविली आणि लवकरच अनेक सागरी राष्ट्रांनीं ती पत्करली. १८६७ सालीं टॉमस ग्रे या ब्रिटिश अधिकाऱ्यानें त्यांतील मुख्य नियम पद्यांत बसविले. आपल्याकडे मुलें पाढे म्हणतात, तशीं तीं पद्यें खलाशी घोकूं लागले. परंतु पाठांतर झालें म्हणजे निर्णयशक्ति आली, असें नव्हे.

याचें दारुण प्रत्यंतर २५ जुलै १९५६ च्या रात्रीं अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटानजीक आलें. ‘आंद्रेया डोरिया’ हें इटालियन जहाज धुक्यांतून न्यूयॉर्ककडे जात होतें. ‘स्टॉकहोम’ हें स्वीडिश जहाज तिकडून येत होतें. दोघांजवळ रडार होतें व दोघांनींहि एकमेकांस त्यावर पाहिलें होतें. पण आपण परस्परांच्या उजव्या बाजूनें जाणार असें एकास वाटलें, तर डाव्या बाजूनें जाणार असें दुसऱ्यास. एक डावीकडे वळलें, दुसरें उजवीकडे. आणि टक्कर झाली. ५१ माणसें दगावलीं व दुसऱ्या दिवशीं इटालियन जहाज बुडालें. दोन्ही जहाजांवरील अधिकाऱ्यांस नियम ठाऊक होते. मात्र समोरच्या जहाजाची चाल अपुऱ्या खुणांवरून ओळखण्यांत घात झाला.

अशा अपुऱ्या माहितीवर विचार करण्याची तालीम खेळांतून कशी देतां येते, हें त्यापूर्वीं चौदा वर्षें लिव्हरपूल येथें दिसून आलें होतें. क्षयामुळें आरमारांतून निवृत्त झालेले कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्‌स यांनीं १९४२ च्या जानेवारींत तेथील डर्बी हाउसमध्यें एक शाळा उघडली. हेतु होता जर्मन पाणबुड्यांपासून व्यापारी जहाजांचे ताफे वांचविण्याचा. दालनाच्या जमिनीवर चौकोन आंखून तिचाच समुद्र केलेला असे. शिकाऊ अधिकारी पडद्यामागें बसत. खऱ्या जहाजावरून जेवढें दिसेल तेवढेंच त्यांना फटींतून दिसे. ते आपले हुकूम चिठ्ठीवर लिहून देत आणि आरमाराच्या स्त्री-दलांतील तरुणी त्याप्रमाणें खडूनें जहाजांचे मार्ग रेखीत. डाव संपल्यावर पडदे दूर होत आणि सारा प्रकार प्रत्येकाच्या डोळ्यांपुढें उभा राही. आपण कोणत्या क्षणीं कोणता चुकीचा तर्क केला, तें निमूटपणें पाहावें लागे. युद्ध संपेपर्यंत सुमारें ५,००० अधिकारी या जमिनीवरून शिकून गेले.

हा खेळ युद्धाचा होता, टक्कर टाळण्याचा नव्हे. परंतु शिकविण्याची युक्ति दोहोंस सारखीच लागू पडते. पुढें रडारच्या पडद्यावर कृत्रिम जहाजें दाखविणारीं यंत्रें नाविकशाळांतून आलीं. टक्कर टाळण्याचे आजचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ सालीं संमत होऊन १९७७ पासून अमलांत आले. आणि खलाशांच्या शिक्षणाविषयींच्या आंतरराष्ट्रीय करारांत १९९५ सालीं दुरुस्ती होऊन रडारचें शिक्षण अशा यंत्रांवर देणें बंधनकारक झालें. आतां तर संगणकावरील खेळांतूनहि हे नियम शिकवितां येतात.

यावर आक्षेप असा, कीं खेळांत कोणी मरत नाहीं, म्हणून विद्यार्थी बेफिकीर होतो. आक्षेप अगदींच निराधार नाहीं. पण त्याचें निवारण लिव्हरपूलच्या शाळेंतच सांपडतें. तेथें डावाइतकेंच महत्त्व डावानंतरच्या झडतीस होतें. ती वगळली तर उरते ती केवळ करमणूक. हा विषय आपल्यापासून दूरचा नाहीं. ७ ऑगस्ट २०१० रोजीं मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ व ‘खलीजिया-३’ हीं जहाजें एकमेकांवर आदळलीं आणि शेंकडों अवजड पेट्या व पुष्कळसें तेल समुद्रांत गेलें. असे प्रसंग टाळावयाचे, तर चुकीची किंमत खडूच्या रेघेनें फेडण्याची संधि अधिकाऱ्यांस आधीं मिळाली पाहिजे.