वालचंदशेठ आणि पंधरा कर्मादानं



धर्माचा धंद्याशी संबंध काय, यावर मॅक्स वेबर या जर्मन अभ्यासकाने १९०४-०५ मध्ये एक गाजलेला निबंध लिहिला. प्रोटेस्टंटांमधले कॅल्व्हिनपंथीय मानत, की कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलंय. आपलं नाव त्यात आहे का, हे कळायला मार्ग नाही. मग जिवाला घोर! त्या घोरापायी माणूस कामाला जुंपून घेई आणि धंद्यात बरकत आली की तीच कृपेची खूण मानी. चैन करणं पाप, म्हणून कमाई पुन्हा धंद्यातच जाई. भांडवलशाहीला लागणारी शिस्त यातून आली, असं वेबरचं म्हणणं.

मला सगळं पटत नाही. आम्ही बी.कॉम.ला गिरवलेली दुहेरी नोंद पद्धत छापील पुस्तकात मांडली ती लुका पाचोली या कॅथलिक साधूने, व्हेनिसमध्ये, १४९४ साली. ल्यूथरचं बंड १५१७ चं. म्हणजे जमा-नावे आधी, प्रोटेस्टंट नंतर.

पुढे भारतातल्या धर्मांवर लिहिताना वेबरने आपल्याकडेही पाहिलं. सचोटी, काटकसर, बचत, सगळं त्याला तिकडच्यासारखंच दिसलं. मग जैनांतून कारखानदार का निघाले नाहीत? त्याचं उत्तर अहिंसा. जीवहत्या टाळायची तर नांगर नको, भट्टी नको. उरला व्यापार आणि सावकारी.

यात तथ्य आहे. श्रावकाने टाळायचे धंदे म्हणून आपल्या ग्रंथांत पंधरा कर्मादानं सांगितली आहेत. त्यात शकटकर्म म्हणजे गाड्या बनवणं, स्फोटककर्म म्हणजे जमीन-खडक फोडणं, यंत्रपीडन म्हणजे यंत्राने तीळ-ऊस पिळणं.

आता सोलापूरचे वालचंद हिराचंद बघा. जन्म १८८२, दिगंबर जैन घर, वडील हिराचंद नेमचंद 'जैन बोधक'चे संस्थापक. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. तो बाजूला ठेवून त्यांनी लक्ष्मणराव फाटकांबरोबर रेल्वेची कंत्राटं घेतली. पुढे भोर घाटात बोगदे खोदले, रावळगावला साखर कारखाना काढला, १९४४ मध्ये मोटारींसाठी प्रीमियर कंपनी. तिन्ही कर्मादानं झाली! दिग्व्रतात किती लांब जायचं याची मर्यादा घालतात, तर यांच्या सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' बोट ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून थेट लंडनला निघाली.

म्हणून वेबर खोटा ठरला असं नाही. इथे आपल्या मोंढ्यात आणि सराफ्यात फिरलात तर जैन दुकानांच्या पाट्या अजून त्याचीच साक्ष देतात. पण वालचंदांचं घर काही धर्म सोडलेलं नव्हतं. घरचं भांडवल, फाटकांसारखा भागीदार आणि स्वदेशीचे दिवस, याने जास्त फरक पडला असावा.

माझ्या मते आपला आणि प्रोटेस्टंटांचा खरा फरक परिग्रह-परिमाणात आहे. त्यांच्या कमाईला वरची रेघ नव्हती. आपल्या अणुव्रतात जमीन, घर, सोनं-चांदी, धनधान्य या प्रत्येकाचा आकडा श्रावकाने आधीच ठरवायचा आणि वरचं दान करायचं. वेबरलाही हे व्रत ठाऊक होतं. आपल्याकडे देवळात बोल्या मोठमोठ्याने लागतात, आकडा ठरवल्याचं मात्र सहसा ऐकू येत नाही. आणि हो, त्या यादीत 'कुप्य' असा एक शब्द आहे. कुप्य म्हणजे कापडचोपड, भांडीकुंडी. साड्यांचं कपाट उघडून मग वाचा.