मूल हरवलं तर घाई कशाची करायची? पोलीस तपास, संशयित आणि कायदा

मूल घरी परतलं नाही की आई-वडील पोलीस ठाण्याकडे धावतात आणि मोहल्ल्यातली पोरं 'कोणी नेलं' याच्या मागे लागतात. दोन्ही धावपळी एकाच काळजीतून होतात, पण दुसरी अनेकदा चुकीच्या माणसावर जाऊन आदळते. तो कधी फेरीवाला असतो, कधी फकीर, कधी गल्लीतलाच एखादा बेकार तरुण. आपल्या कुटुंबांना या प्रसंगाच्या कोणत्याही बाजूला उभं राहण्याची वेळ येऊ शकते. कधी हरवलेलं मूल आपलं असतं, तर कधी चौकशीसाठी उचललेला मुलगा आपला. म्हणून कायदा दोन्ही बाजूंचा माहीत असायला हवा.

मूल हरवल्यावर पोलिसांवर काय बंधन आहे?

'२४ तास थांबा, येईल घरी' असं सांगून पालकांना परत पाठवण्याची मुभा पोलिसांना नाही. १० मे २०१३ रोजी 'बचपन बचाओ आंदोलन' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की १८ वर्षांखालील मूल हरवल्याची तक्रार आली तर अपहरण किंवा तस्करी झाली असं गृहीत धरून एफआयआर नोंदवावा. मोठ्या माणसाची नुसती 'मिसिंग' नोंद होते. मुलाच्या बाबतीत तेवढ्यावर भागत नाही. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे जातो.

त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला 'ललिता कुमारी' खटल्याचा निकाल आला. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं घटनापीठाने सांगितलं. हा निकाल आज सगळ्याच गुन्ह्यांत वापरला जातो, पण त्याची सुरुवात एका बापाने केली होती. मुलीचं अपहरण झाल्याची तक्रार देऊनही पोलीस हलले नाहीत म्हणून तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. 'हे आमच्या हद्दीत येत नाही' हे कारण चालत नाही. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते.

घाईसाठी कायद्यात पुरेशी जागा आहे

संशयिताचे हक्क जपत बसलो तर तपास रेंगाळेल, असं बोललं जातं. प्रत्यक्षात जिथे वेळ खरोखर महत्त्वाचा आहे, तिथे कायद्याने पोलिसांचे हात बांधलेले नाहीत. न्यायालयाकडून वॉरंट आणण्यात उशीर होणार असेल तर कलम १८५ प्रमाणे तपास अधिकारी कारणं लिहून ठेवून वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो. त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे गेली पाहिजे आणि कलम १०५ नुसार झडतीचं व्हिडिओ चित्रीकरण झालं पाहिजे, एवढीच अट. कुणाला बेकायदा डांबून ठेवल्याचा संशय असेल तर कलम १०० खाली मॅजिस्ट्रेट झडतीचं वॉरंट देऊ शकतो.

मोबाईलचं लोकेशन, कॉल रेकॉर्ड, सीसीटीव्ही, रेल्वे स्थानक आणि एसटी स्टँडवर फोटो पोहोचवणं, शेजारच्या जिल्ह्यांना कळवणं या कामांत कुणाचाही हक्क आड येत नाही. दुकानांच्या कॅमेऱ्यांतलं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. ते पहिल्याच दिवशी ताब्यात घेतलं नाही तर नुकसान भरून निघत नाही. खरी घाई तिथे हवी.

संशयिताचे हक्क कोणते?

पोलिसांना प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे आणि साक्षीदार म्हणून बोलावलेल्या माणसाने माहिती देणं हे त्याचं कर्तव्यही आहे. मात्र महिला, १५ वर्षांखालील मुलगे, ६० वर्षांवरचे वृद्ध, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना साक्षीदार म्हणून ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. त्यांची विचारपूस घरी व्हावी, असं कलम १७९ सांगतं.

अटक झाली तर पुढील गोष्टी लागू होतात :

- अटकेची कारणं सांगितली पाहिजेत (राज्यघटनेचं कलम २२, संहितेचं कलम ४७). नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही कारणं लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत द्यावीत, असं सांगितलं.
- अटकेची खबर घरच्यांना किंवा आरोपी सांगेल त्या व्यक्तीला दिली पाहिजे (कलम ४८).
- चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, मात्र वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही (कलम ३८).
- प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर केलं पाहिजे (कलम ५८).
- वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे (कलम ५३). अंगावरच्या खुणांची नोंद तिथेच होते.
- स्वतःविरुद्ध बोलण्याची सक्ती करता येत नाही (राज्यघटनेचं कलम २० (३)). नार्को किंवा लाय डिटेक्टर चाचणी संमतीशिवाय होत नाही, हे २०१० च्या 'सेल्वी' निकालाने ठरवलं.
- संशयित १८ वर्षांखालचा असेल तर त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. त्याला बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं.

'अटक नाही, फक्त चौकशीला बसवलंय' असं म्हणत एखाद्याला दोन-दोन दिवस ठाण्यात ठेवणं कोणत्याही कलमात बसत नाही.

'मूल वाचवायचं असेल तर थोडी मारहाण चालेल' का?

हा प्रश्न हलका नाही. मूल कुठेतरी कोंडलेलं आहे आणि समोरच्या माणसाला ते ठाऊक आहे, असं वाटत असेल तर कोणत्याही बापाच्या मनात हेच येईल. जर्मनीत फ्रँकफर्टला २००२ मध्ये नेमकं असं घडलं. कायद्याच्या एका विद्यार्थ्याने ११ वर्षांच्या मुलाचं अपहरण करून दहा लाख युरो मागितले. खंडणी उचलताना तो पोलिसांच्या नजरेत आला आणि त्याला अटक झाली, पण मुलाचा ठावठिकाणा तो सांगेना. मूल जिवंत असेल या आशेने पोलीस उपप्रमुख वोल्फगांग डाश्नर यांनी त्याला असह्य वेदना देण्याची धमकी द्यायला सांगितलं. काही मिनिटांत तो बोलला. मिळाला तो मृतदेह, कारण मुलाचा खून अपहरणानंतर लगेचच झाला होता.

पुढे काय झालं, तेही पाहू. धमकीच्या दबावाखाली दिलेले जबाब खटल्यातून वगळावे लागले. आरोपीने भर न्यायालयात नव्याने कबुली दिली म्हणून त्याला २००३ मध्ये जन्मठेप झाली. २००४ मध्ये डाश्नर आणि त्यांचा सहकारी अधिकारी दोषी ठरले. शिक्षा नाममात्र होती, पण गुन्हा सिद्ध झाला. २०१० मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ती धमकी म्हणजे अमानुष वागणूक ठरवली आणि मुलाचा जीव पणाला लागला असला तरी या मनाईला अपवाद नाही, असं सांगितलं.

तिथे निदान माणूस तरी खरा होता. २०१७ मध्ये गुरुग्रामच्या एका खासगी शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाला, तेव्हा पोलिसांनी त्याच दिवशी बसच्या कंडक्टरला पकडलं आणि त्याने कबुली दिल्याचं जाहीर केलं. तपास सीबीआयकडे गेल्यावर संशय शाळेतल्याच एका विद्यार्थ्यावर आला आणि कंडक्टरला न्यायालयाने आरोपातून मुक्त केलं. ते प्रकरण खुनाचं होतं. हरवलेल्या मुलाच्या बाबतीत अशी चूक झाली तर चुकीच्या माणसाच्या कबुलीमागे जे दिवस जातील, ते त्या मुलाच्या शोधातून वजा होतील.

म्हणूनच पोलिसांसमोरची कबुली आपल्याकडे पुरावा मानली जात नाही (भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम २३). कोठडीतल्या आरोपीच्या माहितीवरून एखादी वस्तू किंवा जागा सापडली, तर तेवढा भाग पुराव्यात येतो. पण ती माहिती जबरदस्तीने काढलेली नसावी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच सांगितलं आहे. म्हणजे 'मूल कुठे आहे?' हा प्रश्न पोलीस पहिल्या मिनिटाला विचारू शकतात. उत्तरासाठी मारहाण केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली तो सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, गंभीर दुखापत झाली तर दहा.

अफवा : तपासाआधीच दिलेली शिक्षा

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठार केलं. ते सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. एकही मूल पळवलं गेलं नव्हतं. व्हॉट्सॲपवर फिरणारे मेसेज मात्र होते. त्याच दिवशी मालेगावातही असाच संशय घेऊन जमावाने एका कुटुंबाला घेरलं. त्यांच्याबरोबर एक लहान मूलही होतं. पोलिसांनी त्यांना वेळेवर सोडवलं म्हणून ते वाचले.

अशा वेळी जमावाला थोपवणारी माणसं मोहल्ल्यातूनच पुढे यावी लागतात. संशय आला तर ११२ ला फोन करा, माणसाला तिथेच बसवून ठेवा, हात लावू नका. त्याचा फोटो 'बच्चा चोर' म्हणून पुढे पाठवू नका.

दीन काय शिकवतो?

सूरह हुजुरातमध्ये खबर घेऊन येणाऱ्याच्या बातमीची आधी छाननी करा, नाहीतर नकळत कुणाचं नुकसान करून पस्तावाल, असा इशारा आहे. त्याच सूरहमध्ये फाजील संशय घेण्यापासूनही रोखलं आहे. इस्लामी न्यायशास्त्रात पुराव्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर असते.

हजरत यूसुफ (अ.स.) यांचा किस्सा तर हरवलेल्या मुलाचाच आहे. भावांनी रक्ताने माखलेला सदरा आणला आणि लांडग्यावर आळ घेतला. हजरत याकूब (अ.स.) यांनी तो पुरावा मान्य केला नाही. सदरा कुठेच फाटलेला नव्हता, हे त्यांच्या लक्षात आलं असं तफ्सीरकार सांगतात. पुढे यूसुफ (अ.स.) यांच्यावर खोटा आळ आला, तेव्हा सदरा मागून फाटलेला दिसला आणि त्यांचा निर्दोषपणा उघड झाला. तरीही त्यांना कैदेत जावं लागलं. मुलाचा शोध घेणारा बाप आणि निर्दोष कैदी, दोघांचंही दुःख या एकाच सूरहमध्ये आहे.

कुटुंबांनी लक्षात ठेवायचं

मूल हरवलं असेल तर :

- लगेच ११२ किंवा बालकांसाठीच्या १०९८ वर फोन करा. रेल्वेत असाल तर १३९.
- अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, ओळखखूण, आधार किंवा शाळेचा दाखला सोबत न्या.
- 'मिसिंग' नोंदीवर समाधान मानू नका, एफआयआर मागा. नकार दिला तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना लेखी तक्रार पाठवा, नंतर मॅजिस्ट्रेटकडे जा.
- संशय असेल तर नाव पोलिसांना सांगा, ग्रुपवर टाकू नका. घरात भांडण, ओरडा किंवा मुलाची कुणाशी मैत्री असेल तर तेही लपवू नका. किशोरवयीन मुलं स्वतःहून निघून जातात, तेव्हा हीच माहिती उपयोगी पडते.
- मूल सापडल्यावर सगळीकडचा फोटो काढून टाकायला सांगा.

घरातल्या कुणाला चौकशीला नेलं असेल तर :

- कोणत्या ठाण्यात, कोणत्या अधिकाऱ्याने, किती वाजता नेलं हे लिहून ठेवा.
- नोटीस आहे की अटक, हे स्पष्ट विचारा. अटक असेल तर कारणांची प्रत मागा.
- वकील परवडत नसेल तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरणाला फोन करा. मदत मोफत असते.
- मारहाण झाली असेल तर मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहताच सांगा. ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी करा. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला आहे.
- माहिती असेल तर ती लपवू नका. मूल सापडणं हीच निर्दोष माणसाचीही सर्वात लवकरची सुटका असते.

दोन्ही कुटुंबांसाठी उच्च न्यायालयाचा दरवाजाही एकच आहे. हेबियस कॉर्पस याचिका मुलाच्या शोधासाठी आई-वडील करू शकतात आणि बेकायदा डांबलेल्या मुलासाठी संशयिताचे आई-वडीलही. मुंबई उच्च न्यायालयात, तसंच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठांत ती दाखल करता येते.