रक्त, कर्करोग आणि धाराशिवच्या स्त्रिया

१/ कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत दिलेले रक्तच पुढे रुग्णाचा घात करते काय? १९८० च्या दशकात या शंकेने शल्यचिकित्सकांना ग्रासले होते. ती ज्या पद्धतीने पारखली गेली, तीच पद्धत पुढे धाराशिवच्या गावोगावी पोहोचली.

२/ शंकेचे मूळ १९७३ मधले. रक्त चढवलेल्या रुग्णांत प्रत्यारोपित मूत्रपिंड अधिक टिकते, असे तेव्हा आढळले. परके रक्त प्रतिकारशक्तीला मवाळ करते, असा अर्थ लावला गेला. मग तीच मवाळ प्रतिकारशक्ती कर्करोगाच्या उरलेल्या पेशींनाही अभय देत असेल तर?

३/ रक्त घेतलेल्यांत रोग अधिक वेळा उलटतो, असे रुग्णालयांच्या नोंदी सांगत. पण रक्त लागते कोणाला? ज्याची गाठ मोठी, शस्त्रक्रिया अवघड, अंगात रक्त आधीच कमी, त्याला. मग दोष रक्ताचा की रोगाचा?

४/ १९९३ साली नेदरलँड्समधील चाचणीचे निष्कर्ष आले. आतड्याच्या कर्करोगाच्या ४७५ रुग्णांची विभागणी जणू चिठ्ठ्या टाकून केली होती : गरज पडल्यास काहींना परके रक्त, काहींना स्वतःचेच आधी काढून ठेवलेले. चार वर्षांनंतर जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. मात्र रक्त स्वतःचे असो वा परके, ते घ्यावे लागलेल्यांत रोग अधिक उलटला. घातक होती ती रक्ताची गरज निर्माण करणारी परिस्थिती.

५/ १९९९. तत्कालीन उस्मानाबाद जिल्हा. ५२ गावसमूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. मुंबईचे टाटा स्मारक, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी याच रीतीने चार गट पाडले. तिघांना तीन वेगळ्या तपासण्या : विषाणूची चाचणी, पेशींची चाचणी, ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटाला केवळ नेहमीची आरोग्यसेवा.

६/ निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणूच्या चाचणीच्या गटात ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या रोगाने दगावल्या. चौथ्या गटात ३१,४८८ पैकी ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. इतर दोन तपासण्यांनी मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही.

७/ चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणे न्याय्य होते काय, यावर पुढे तीव्र वाद झाला. देशात नियमित तपासणी नव्हतीच, हे समर्थकांचे उत्तर. उपयुक्त ठरलेल्या तपासण्या आधीच ठाऊक होत्या, हा टीकाकारांचा आक्षेप.

८/ आज जागतिक आरोग्य संघटना विषाणूच्या चाचणीलाच पहिली पसंती देते. त्या शिफारशीमागच्या पुराव्यात धाराशिवच्या शेतकरी-मजूर घरांतील स्त्रियांचा वाटा आहे. त्या ६४ जणींचाही.