हेमलकशाचा कनेक्टर

बिलिंगचं आणि गोदामाचं सॉफ्टवेअर जोडण्यात आमचा अख्खा आठवडा गेला. डेटा पोचायचा, अर्थ नाही! तेव्हा हेमलकसा आठवलं.

बाबा आमट्यांनी १९७३ च्या डिसेंबरात भामरागडच्या जंगलात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदा आमटे तिथे राहिले. पण रोगी माडिया बोलणारे, बहुतेकांना मराठीचा गंध नाही. कुठे दुखतंय, कधीपासून, हे कळल्याशिवाय गोळी कुठली देणार? चुकली तर माणूस जायचा. मग डॉक्टरच माडिया शिकले. म्हणजे बदल नव्यानं आलेल्या सिस्टिमनं केला, समोरच्यावर लादला नाही. पुढे १९७६ ला आश्रमशाळा निघाली, माडिया मुलं मराठी शिकू लागली आणि कनेक्टर दुतर्फा झाला.

आमचा अजून एकतर्फीच आहे. सोमवारी बघू.