बिडाचा ब्लॉक आणि कोल्हापूरचा मिस्त्री

मोटारसायकलीचा इतिहास सांगावयास बसलें कीं, सांगणारा बहुधा कारखान्यापासून आरंभ करतो. डाइम्लर आणि मायबाख यांनीं १८८५ सालीं जर्मनींत लांकडी सांगाड्याच्या दुचाकीवर पेट्रोलचें इंजिन बसविलें. इंग्लंडांतील रेडिच येथें रॉयल एन्फील्डची पहिली मोटारसायकल १९०१ सालीं निघाली. १९३२ सालीं तिच्या एका प्रकारास ‘बुलेट’ हें नांव मिळालें. असा तो क्रम असतो. तो खरा आहे. परंतु गाडी कारखान्यांतून एकदांच बाहेर पडते, आणि मिस्त्रीच्या हातीं मात्र ती जन्मभर जात असते. या दुसऱ्या, लांबलचक भागाचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. आज श्रोत्यांपुढें मी तोच मांडणार आहें, आणि त्यासाठीं कोल्हापुरांतील राजारामपुरी व तिच्या शेजारचें शिवाजी उद्यमनगर हीं दोन ठिकाणें घेणार आहें.

राजारामपुरी ही आंकड्यांच्या गल्ल्यांची वस्ती. पहिली गल्ली, दुसरी गल्ली असें मोजीत गेलें कीं पत्ता सांपडतो. येथें डॉक्टर, वकील, प्राध्यापक यांचीं घरें, आणि थोड्याच अंतरावर उद्यमनगरांतील लेथची घरघर. पांढरपेशांची वस्ती आणि लोखंडाची वस्ती इतकीं जवळ क्वचितच आढळतात. गाडीचें दुखणें या बाजूस आणि तें बरें करणारा हात त्या बाजूस, अशी ही सोय झाली.

हा हात कोल्हापुरांत आला कोठून? मोटारसायकलींतून तो खास आला नाहीं. १८९१ सालीं मिरजेहून कोल्हापुरास रेल्वे आली. शाहू महाराजांच्या कारकीर्दींत १९०६ सालीं कापडाची गिरणी उभी राहिली. पंचगंगेच्या आणि भोगावतीच्या कांठीं ऊंस वाढला, गुऱ्हाळें वाढलीं, आणि नदीचें पाणी उपसण्यासाठीं विलायती ऑइल-इंजिनें आलीं. ऐन गुऱ्हाळाच्या दिवसांत इंजिन बंद पडलें तर तोडलेला ऊंस वाळतो आणि रस आटतो. इंग्लंडाहून सुटा भाग येईपर्यंत थांबणें शेतकऱ्यास परवडणारें नव्हतें. तेव्हां तुटलेला भाग पुढ्यांत ठेवून तसाच दुसरा घडवावयाचा, ही संवय येथील लोहारासुतारांस लागली. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसविली आणि ओतकामाचें मोठें उदाहरण या भागासमोर ठेवलें. खुद्द कोल्हापुरांत बाबुराव पेंटर यांनीं १९१८ च्या सुमारास चित्रपटाचा कॅमेरा स्वतः तयार केला, आणि त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० सालीं पडद्यावर आला. यंत्र दुसऱ्याचें असलें तरी आपणांस तें उलगडतां येतें, हा विश्वास या गांवांत मोटारसायकलीच्या आधींच रुजला होता.

आतां यंत्राकडे वळूं. त्या पिढीच्या मोटारसायकलीचें इंजिन हवेनें थंड होतें. पाणी नाहीं, टांकी नाहीं, पंप नाहीं. बिडाच्या ब्लॉकभोंवतीं पातळ पातळ कडा असतात, मिस्त्री त्यांस फिन म्हणतात. हवा उष्णता फार सावकाश उचलते, म्हणून तिला भिडणारा पृष्ठभाग वाढवावा लागतो. फिनचें प्रयोजन एवढेंच. गाडी पळत असेतोंपर्यंत ही योजना उत्तम चालते. परंतु गगनबावड्याचा किंवा आंब्याचा घाट दोन माणसें बसवून खालच्या गिअरमध्यें चढूं लागली कीं वेग कमी आणि उष्णता जास्त, अशी तिची कोंडी होते. पावसाळ्यांत फिनमध्यें बसलेला तांबडा चिखल वाळला म्हणजे इंजिनास घोंगडी पांघरल्यासारखेंच होतें. ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडापेक्षां अधिक फुगतो, मधली फट संपते आणि पिस्टन जागच्या जागीं धरतो. म्हणून जाणता मिस्त्री पाना हातीं घेण्यापूर्वीं फिन स्वच्छ करावयास लावतो, आणि तापलेल्या ब्लॉकवर पाणी ओतणाऱ्या मालकास खडसावतो. मला तरी हें खडसावणें दुरुस्तीचाच भाग वाटतें.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानें विकावयास काढलेल्या गाड्यांत ब्रिटिश मोटारसायकलीही होत्या. बी. एस. ए., नॉर्टन, मॅचलेस हीं नांवें त्या काळचीं. पण लवकरच परकी चलनाची टंचाई आली. १९५३ सालीं सरकारनें धोरण ठरविलें कीं, ज्यांस या देशांत गाडी बनवावयाची आहे त्यांनींच येथें राहावें. नुसती जुळणी करणारे अमेरिकन मोटार-कारखाने निघून गेले. आयात आंखडली आणि ज्यांच्या दारांत विलायती गाडी होती, तिचें माहेर एकाएकीं तुटलें. पुढें १९५५ सालीं मद्रासेस एन्फील्ड इंडिया स्थापन झाली आणि बुलेट येथें बनूं लागली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यांतून १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या निघूं लागल्या. तरीही सुटा भाग हवा त्या दिवशीं मिळेल अशी स्थिति पुष्कळ वर्षें नव्हती.

या टंचाईंत उद्यमनगरचें खरें काम दिसतें. बुलेटच्या ३५० च्या इंजिनाचा बोअर ७० मिलिमीटर, पिस्टनचा फेरा ९० मिलिमीटर. पिस्टन वरखालीं होतांना ब्लॉकच्या पुढच्यामागच्या अंगावर अधिक घासतो, आणि गोल भोंक कालांतरानें लंबगोल होतें. मग तें थोडें मोठें करून त्या मापाचा पिस्टन घालावयाचा. वीस सहस्रांश इंच, पुढच्या खेपेस चाळीस. असें करतां करतां भिंत पातळ होते आणि पुढचा पिस्टन मिळत नाहीं. येथें पुस्तक नवा ब्लॉक घ्यावयास सांगतें. मिस्त्री मात्र ओतीव बिडाची नळी लेथवर चढवून आंतूनबाहेरून कातून घेतो, ब्लॉक तापवून तिच्यांत बसवितो आणि पुन्हां बोअर मारून मूळच्या ७० वर आणतो. यालाच स्लीव्ह घालणें म्हणतात. ऐकावयास सोपें; पण पाण्याच्या इंजिनापेक्षां येथें कस अधिक लागतो. नळी फार घट्ट झाली तर ब्लॉक तडकतो. किंचित् सैल राहिली तर दोन लोखंडांमध्यें हवेचा पापुद्रा राहतो, आंतली उष्णता फिनपर्यंत पोहोंचतच नाहीं, आणि बाहेरून थंड वाटणारी गाडी आंत जळत राहते. हें माप केवळ मायक्रोमीटरवर अवलंबून नसतें. नळी उतरतांना हातास जो अडसर लागतो त्यावरही तें ओळखावें लागतें.

बाकीच्या कामांतही हीच जाण. बुलेटचे टॅपेट गार इंजिनावर लावावयाचे. दांडी दोन बोटांनीं फिरली पाहिजे, पण वरखालीं हलतां कामा नये. पॉइंटची फट मोजावयास मापाची पट्टी नसेल तर सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा चालतो. बुलेटचें ऑइल क्रँककेसमधल्याच एका कप्प्यांत असतें. पुष्कळ दिवस उभ्या राहिलेल्या गाडींत तें खालीं झिरपतें आणि किक मारतांच धूर निघतो. तो पाहून रिंगा बदलून देणारे मिस्त्री आहेत, आणि दहा मिनिटें थांबा म्हणणारेही आहेत. कोणाकडे जावें तें श्रोत्यांनीं ओळखावें. जावाची तऱ्हा निराळी. तिचें ऑइल पेट्रोलमध्येंच मिसळतात, त्यामुळें सायलेन्सरमध्यें काजळी सांचते, आणि गाडी ‘ओढत नाहीं’ ही तक्रार निम्म्या वेळां ती काजळी जाळून काढल्यानें मिटते.

या कारागिरीचें कौतुक करतांना तिचे दोषही सांगितले पाहिजेत. टंचाईनें जशी कल्पकता शिकविली, तशी हयगयही शिकविली. हातोड्यानें बेअरिंग बसविणें, आटा गेलेल्या भोंकांत जाड बोल्ट कोंबणें, हलका पिस्टन अस्सल म्हणून विकणें, हेही प्रकार त्याच गल्ल्यांतून झाले. आणि जें चांगलें होतें तें कोणी लिहून ठेवलें नाहीं. अमुक जातीच्या बिडास किती मापाची पकड ठेवावी, हें शिकाऊ पोरानें उस्तादाच्या शेजारीं उभें राहून शिकावयाचें, एवढीच त्याची शाळा.

मूळ कारखाने मात्र एकामागून एक थांबले. इंग्लंडांत बुलेट १९६२ सालीं बंद झाली, आणि १९७७ पासून मद्रासची बुलेट उलट इंग्लंडास जाऊं लागली. म्हैसूरचा कारखाना १९९६ सालीं बंद पडला. मद्रासचें बिडाच्या ब्लॉकचें इंजिनही २०१० च्या सुमारास थांबलें. आजच्या गाडीचें पेट्रोल किती जावें हें विद्युत्-यंत्रणा ठरविते, आणि नवा शिकाऊ संगणकाची तार जोडून दोष वाचतो. त्यास नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. पण स्लीव्ह घालणाऱ्या उस्तादाशेजारीं उभें राहावयास आतां पोरगा मिळत नाहीं.

इकडे जुन्या गाड्यांचें मोल मात्र वाढलें. २०२१ च्या जुलैंत केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे निराळे नियम केले. नंबरांत ‘व्हीए’ हीं अक्षरें, नोंदणीस वीस हजार रुपये, आणि अट अशी कीं गाडी मूळ स्वरूपांत असावी. सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. नियम करणाऱ्यांचा हेतु चांगला आहे. परंतु राजारामपुरींतील एखाद्या घरीं साठ वर्षें वापरलेली, उद्यमनगरांत दोनदां स्लीव्ह घातलेली बुलेट त्या खिडकीपुढें उभी राहिली, तर तिचा ब्लॉक मूळचा म्हणावयाचा कीं बदललेला? वरचे फिन मद्रासचे आहेत, आंतली नळी कोल्हापूरची आहे, आणि तिच्यावांचून ती गाडी १९८० सालींच भंगारांत गेली असती. अर्जावर याचें उत्तर एका शब्दांत द्यावें लागतें.