ज्यू मौखिक धर्मविधी आणि बेने इस्राएल समाज : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

जुन्नर परिसरातील बौद्ध लेण्यांतील शिलालेख प्रामुख्याने दानाची नोंद करतात. दात्याचे नाव व त्याने दिलेले लेणे किंवा पाण्याची पोढी एवढेच दगडावर कोरले गेले. धर्मोपदेश भिक्खूंच्या मुखातून पुढे गेला. मौखिक परंपरेचे हे महत्त्व ज्यू धर्मातही दिसते. त्याचे मराठी भाषिक उदाहरण नाणेघाटाने जुन्नरशी जोडल्या गेलेल्या कोकणातील बेने इस्राएल समाजाच्या इतिहासात आढळते.

मौखिक धर्मविधीचे स्वरूप

ज्यू परंपरेनुसार सिनाय पर्वतावर मोशेला लिखित तोरेबरोबर मौखिक तोराही मिळाली. इ. स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्यावर धर्मगुरूंची पठणपरंपरा हाच धर्माचा मुख्य आधार बनला. सुमारे इ. स. २०० मध्ये यहुदा हा-नासी यांनी या परंपरेचे संकलन ‘मिश्ना’ या नावाने केले. तिचे सहा विभाग असून तालमुद हे तिच्यावरील विवेचन होय. तोरा शब्बाथच्या दिवशी काम वर्ज्य मानते; कोणती कामे वर्ज्य, याचे ३९ प्रकार मिश्ना सांगते. तोरेत घटस्फोटपत्राचा केवळ उल्लेख आहे. ते कसे लिहावे, साक्षीदार कोण असावेत व ते पत्नीच्या हाती कसे द्यावे, हे मिश्नेच्या ‘गित्तीन’ या प्रकरणात येते.

बेने इस्राएलांची परंपरा

कोलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यातील या समाजाजवळ हिब्रू ग्रंथ नव्हते. तरीही सुंता, शेमा प्रार्थना, आहारनियम आणि शब्बाथ त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले गेले. पुढे कोचीनच्या ज्यू शिक्षकांमुळे त्यांचा ग्रंथाधिष्ठित परंपरेशी संबंध आला. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडण सणाची ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह छापली गेली. हग्गादेतील काही भाग मिश्नेतून आलेला असल्याने मौखिक धर्मविधीचा तो अंश मराठीत आला.

संघर्ष आणि निर्णय

इस्राएलमध्ये स्थलांतर झाल्यावर या दोन परंपरा समोरासमोर आल्या. पूर्वजांना घटस्फोट व पुनर्विवाहाचे मिश्नेतील नियम ज्ञात नसतील, तर त्यांच्या वंशजांचे विवाह ग्राह्य कसे मानावेत, अशी शंका घेण्यात आली. १९६२ मध्ये तेथील मुख्य धर्मपीठाने विवाहेच्छू बेने इस्राएलांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश दिले. समाजाने त्याविरुद्ध दीर्घ आंदोलन केले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने त्यांना सर्व बाबतींत समान ज्यू मानले आणि धर्मपीठाने निर्देशांतून त्यांचे नाव वगळले.

निष्कर्ष

मौखिक धर्मविधी संकलित झाल्यावर तोच धर्मनिष्ठेचा मापदंड बनतो, असे या घटनेवरून दिसून येते. बेने इस्राएलांची परंपराही मौखिकच होती. परंतु तिच्यामागे गुरुपरंपरेची साखळी व मान्य संहिता नव्हती. त्यामुळे शतकानुशतकांचे आचरण असूनही त्यांना आपले ज्यूपण सिद्ध करावे लागले. म्हणून धर्माच्या अभ्यासात संहितेइतकेच महत्त्व घराघरांतून जपलेल्या आचारालाही देणे आवश्यक ठरते. केवळ ग्रंथाच्या आधारे एखाद्या समाजाची धर्मनिष्ठा ठरविल्यास त्याच्या इतिहासावर अन्याय होण्याची शक्यता राहते.