निर्वासितांची चित्रे आणि भिंतीचा धडा

परभणी जिल्ह्यातील सेलू हे मनमाड-काचीगुडा लोहमार्गावरील स्थानक होय. निजामी राजवटीच्या अखेरच्या वर्षात, म्हणजे १९४७-४८ मध्ये, या लोहमार्गाने आणि बैलगाड्यांच्या वाटांनी मराठवाड्यातील असंख्य कुटुंबे हद्द ओलांडून वऱ्हाडात व मुंबई इलाख्यात गेली. उमरखेड, मनमाड, बार्शी ही नावे त्या पिढीच्या बोलण्यात आश्रयस्थाने म्हणूनच येत. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर भयाने आपली दिशा बदलली आणि अनेक मुसलमान कुटुंबांना गाव सोडणे भाग पडले. पंडित सुंदरलाल समितीने त्याची जी नोंद केली ती बराच काळ दप्तरातच राहिली. हा भाग पदव्युत्तर वर्गात शिकविताना विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो : या लोंढ्याचे चित्र कोणी काढले काय? आणि काढले असते, तर ज्यांचे घर गेले त्यांना त्याचा काय उपयोग झाला असता?

या प्रश्नाच्या उत्तरार्धाचा विचार करण्यास एक उदाहरण हाताशी आहे. ते मराठवाड्यातले नाही, पंजाबातले आहे. पण त्याची एक पायरी मुंबईत आहे. सतीश गुजराल यांचा जन्म १९२५ मध्ये झेलम येथे झाला. वयाच्या आठव्या वर्षी काश्मीरमध्ये एका ओढ्यात पाय घसरून अपघात झाला व त्यानंतरच्या आजारात त्यांची श्रवणशक्ती गेली. लाहोरच्या मेयो कलाशाळेत शिक्षण घेऊन १९४४ मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले व १९४७ मध्ये आजारपणामुळे त्यांना अभ्यासक्रम अर्धवट सोडावा लागला.

जे. जे. कलाशाळेचा भिंतीशी असलेला संबंध जुना आहे. जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांकरवी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. त्यांतील पुष्कळशा लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत १८८५ मध्ये जळाल्या. पुढे ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी भित्तिचित्रणाचा स्वतंत्र वर्ग काढला आणि १९२० च्या दशकात नवी दिल्लीतील सचिवालयाच्या सजावटीचे काम या शाळेच्या विद्यार्थ्यांकडे आले. तथापि हे सारे शिक्षण भिंतीला अलंकार मानणारे होते. ज्या भिंतीसमोर सामान्य माणूस उभा राहून स्वतःला ओळखील, ती भिंत अजून दूर होती.

फाळणीच्या वेळी गुजराल झेलमला होते. त्यांचे वडील अवतार नारायण हे काँग्रेसचे कार्यकर्ते व पाकिस्तानच्या संविधान सभेचे सदस्य; मागे अडकलेल्या निर्वासितांना सीमेपलीकडे पोचविण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले आणि मुलगा त्यांच्या बरोबरीने त्यात पडला. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हे सर्व त्या तरुणाने पाहिले. ऐकले मात्र नाही. आक्रोश त्याच्यापर्यंत पोचला तो उघड्या तोंडांच्या, पिळवटलेल्या हातांच्या आणि गुडघ्यांत घातलेल्या डोक्यांच्या रूपाने. त्यानंतरच्या काही वर्षांत त्यांनी फाळणीवर जी चित्रमालिका केली, तिच्यातील आकृती पाहाव्यात : वस्त्रांच्या जड घड्यांत कोंबलेल्या, एकमेकींना टेकलेल्या, चेहरा झाकून घेतलेल्या स्त्रिया. काळ्या-तांबूस रंगांत आवाज कोंडला आहे. या चित्रांत कोणी मारणारा सहसा दिसत नाही. कोणाचा धर्म कोणता, हेही वस्त्रांवरून सांगता येऊ नये अशी योजना आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते हीच त्यांची नैतिक बाजू होय. सूड घेण्यास प्रवृत्त करील असे एकही चित्र त्यांनी निर्वासितांच्या हाती दिले नाही.

पण यात आशा कोठे आहे? नाही. ती या चित्रांत शोधू नये.

याच सुमारास मुंबईत काय चालले होते? सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे यांनी १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला होता. कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासित येऊन पडले होते. त्या वसाहतीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले, रझा १९५० मध्ये पॅरिसला. गुजराल मात्र १९५२ मध्ये शिष्यवृत्तीवर मेक्सिकोला गेले. त्या वेळी दिल्लीच्या मेक्सिकन वकिलातीत असलेले कवी ओक्ताव्हिओ पाझ यांचा या निवडीत हात होता. पॅरिस सोडून मेक्सिको, ही निवड केवळ योगायोगाची मानता येत नाही. जखमी समाजाचे चित्र सार्वजनिक जागी कसे काढावे हा प्रश्न ज्यांनी सोडविण्याचा यत्न केला होता, ते गुरू तेथे होते.

मेक्सिकोतील क्रांतीनंतर शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस यांनी १९२१ पासून सरकारी इमारतींच्या भिंती चित्रकारांना खुल्या केल्या. बहुसंख्य प्रजा निरक्षर होती. तिला आपला इतिहास भिंतीवर वाचता यावा असा हेतू होता. दिएगो रिव्हेरा इटलीतील जुनी भित्तिचित्रे पाहून नुकतेच परतले होते. त्यांची पद्धती ओल्या चुन्यावर रंग देण्याची, म्हणजे गिलावा सुकण्याच्या आत दिवसाचा तुकडा पुरा करण्याची. (अजिंठ्याची पद्धती याहून वेगळी : तेथे माती व तुसाच्या लेपावर चुन्याचा पातळ हात देऊन तो सुकल्यानंतर रंगकाम झाले. आमच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत या दोहोंची सर्रास गल्लत होते.) सिकेरोस यांना चुना जुनाट वाटे, मोटारींना देण्याचा रंग व फवारणीचे यंत्र घेऊन ते भिंतीपुढे उभे राहिले.

गुजराल या दोघांच्याही हाताखाली शिकले. ते मेक्सिकोत होते त्याच काळात राजधानीतील ‘ला रासा’ या मोठ्या रुग्णालयात रिव्हेरा व सिकेरोस हे दोघेही भिंती रंगवीत होते. विषय होता प्रजेचे आरोग्य व सामाजिक सुरक्षितता. ही चित्रे राजवाड्यात किंवा संग्रहालयात नव्हेत, तर जेथे माणसे दुखणे घेऊन येतात तेथे काढली गेली, हे महत्त्वाचे.

निर्वासित आणि मेक्सिकन भित्तिचित्र यांची गाठ यापूर्वीही एकदा पडली होती. स्पेनमधील प्रजासत्ताकाच्या पाडावानंतर १९३९ मध्ये होसेप रेनाउ हे चित्रकार मेक्सिकोत आश्रयास आले. सिकेरोस यांच्याबरोबर वीज कामगार संघाच्या इमारतीतील भित्तिचित्र त्यांनी हाती घेतले. १९४० मध्ये ट्रॉट्स्की यांच्या घरावरील हल्ल्यानंतर सिकेरोस फरारी झाले आणि ते काम रेनाउ यांनी तडीस नेले. परक्या देशातील भिंत पुरी करण्याची जबाबदारी निर्वासितावर आली, आणि ती त्याने पार पाडली.

गुजराल परतल्यानंतर काय झाले, यासंबंधी एक समज रूढ आहे : फाळणीची चित्रे म्हणजे मेक्सिकोचे ऋण. कालक्रम या समजास पुरता अनुकूल नाही, कारण मालिकेचा आरंभ प्रवासापूर्वीचा आहे. मेक्सिकोहून त्यांनी आणली ती भिंत. आणि भिंत हाती आल्यावर त्या शोकाकुल स्त्रिया तिच्यावर चढल्या नाहीत, ही गोष्ट अभ्यासकांनी पुरेशी विचारात घेतलेली नाही. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातील किंवा दिल्ली उच्च न्यायालयावरील त्यांच्या भित्तिकामांत भाजलेल्या मातीच्या फरशा आहेत; त्यांच्या भित्तिशिल्पांतील रूपबंध बहुतांशी अमूर्त आहेत. रिव्हेरांसारखी कथा नाही, सिकेरोससारखी गर्जना नाही. गुरूंची शैली टाकून त्यांनी दोन गोष्टी तेवढ्या ठेवल्या : सार्वजनिक जागा, आणि नव्या साहित्याचा धीटपणे केलेला वापर.

ही माघार होय, असा आक्षेप घेता येईल. दुःखाला भिंत नाकारली, सरकारी इमारती शोभिवंत केल्या, असे कोणी म्हणेल. आक्षेपात तथ्य अजिबात नाही असे नाही. परंतु लुधियाना हे कोणते शहर आहे, याचा विसर पडू नये. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या कुटुंबांनी तेथे पुन्हा बस्तान बसविले. कृषी विद्यापीठात शिकावयास आलेल्या मुलांपैकी अनेकांच्या घरी सोडून आलेल्या शेताची कथा सांगितली जात असणार. त्यांच्यापुढे त्यांच्याच आयांचा आक्रोश मांडावा, की भट्टीत भाजलेल्या मातीचे काही नवे उभे करावे, या निवडीत गुजराल यांनी दुसरा मार्ग घेतला. आक्रोश त्यांनी कॅनव्हासवर ठेवला, जेथे माणूस इच्छा असेल तेव्हा जाऊन पाहू शकतो. रोज ज्या दारातून जावयाचे त्या दारावर नव्हे.

२६ मार्च २०२० रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. सेलूच्या स्थानकावरून आज मराठवाड्याच्या सगळ्या दिशांचे विद्यार्थी ये-जा करतात. त्यांतील काहींच्या पणज्या १९४८ च्या एका ना दुसऱ्या लोंढ्यात घर सोडून निघालेल्या होत्या. कोणी परत आल्या, कोणी नाही.